केसरबाईंचा दम

अण्णांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. रविवारी दुपारी चारला दार वाजलं. उघडलं तर तीन बायका वह्या घेऊन उभ्या. भेटायला आल्या असतील असं मला वाटलं, पण त्या सरळ आत आल्या, कपाटामागची सतरंजी काढून अंथरली आणि भिंतीला टेकून बसल्या. सतरंजी कुठं असते हे मला दोन दिवस शोधूनही सापडलं नव्हतं.

"क्लास आहे ना दीदी?" सगळ्यात धाकटीनं विचारलं. "म्हणजे गुरुजी नाहीत, ते माहीत आहे. पण बंद झाला असं कुणी बोललं नाही ना."

माझे वडील, कचरू गुरुजी, एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत होते. आधी पैठणकडं, मग बिडकीनला. निवृत्तीनंतर हर्सूलला हे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि दर रविवारी ते बायकांना मराठी शिकवू लागले. शाळेत न जाता, सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायका. हे मला माहीत होतं, म्हणजे आई-वडिलांबद्दल जितपत माहीत असतं तितपत. मी पुण्यात एका प्रकाशकाकडं मुद्रितशोधन करते. चौदा वर्षं दुसऱ्यांचे स्वल्पविराम जागेवर लावण्यात गेली आहेत. मला वाटलं, घरातलं काहीच आपल्याला जमत नाही, निदान हे तरी जमेल.

"आहे," मी म्हणाले.

धाकटी मोनिका. एकोणीस वर्षांची, बिडकीनकडच्या एका कंपनीत पॅकिंगला. दुसरी सोनिया, ब्यूटी पार्लरमध्ये काम करणारी, मला सारखं मॅडम म्हणणारी. तिसऱ्या केसरबाई, वय सेहेचाळीस, एका खाजगी दवाखान्यात आया.

"बाकीच्या सगळ्या विषयांत मी सुटले," केसरबाई म्हणाल्या. "गणितात सुटले. इंग्रजीत बी सुटले, पस्तीसवर का होईना. आन् मराठीत दोनदा नापास. घरचे लई हसतात. म्हणतात, तोंड तर दिवसभर मराठीतच चालतंय की तुझं."

"मग अडतं कुठं?"

"ते गुरुजींना म्हाईत होतं."

या वेळी पास होणं गरजेचं होतं. दवाखान्यानं ठरवलं होतं की दहावी पास असलेल्या आयांनाच जूनपासून कायम करायचं. बाकीच्यांना कंत्राटदाराकडं जावं लागेल. सोळा वर्षं त्या तिथं होत्या. मराठीचा पेपर फेब्रुवारीच्या शेवटी होता, म्हणजे आमच्या हातात पाच रविवार होते. मी ऑफिसला कळवलं की महिनाभर इथूनच काम करीन.

पहिल्या रविवारी मी फळ्यावर नियम लिहिले. एकाच जातीचे अनेक शब्द लागोपाठ आले तर स्वल्पविराम. हाक मारल्यावर स्वल्पविराम. वाक्य पूर्ण झालं की पूर्णविराम. आणि वाक्य पूर्ण झालं हे कसं ओळखायचं, तर कुणी, काय केलं, हे त्यात आलं पाहिजे. उदाहरणं दिली. बायकांनी सुरेख अक्षरात सगळं उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी प्रत्येकीनं एक पान लिहून आणायचं ठरलं.

सोनियानं आणलेल्या पानावर जवळजवळ प्रत्येक शब्दानंतर स्वल्पविराम होता. "एकाच जातीचे आहेत ना मॅडम सगळे," ती म्हणाली. "सगळे मराठीच तर आहेत." मोनिकाची वाक्यं मोबाइलवरच्या निरोपासारखी होती: उठले. डबा. गाडी चुकली. साहेब चिडले. आणि केसरबाईंचं पान वरपासून खालपर्यंत एकच सलग ओळ होती. दीड पान, एकही चिन्ह नाही. सकाळी उठल्यापासून दवाखान्यातल्या पेशंटचं अंथरूण बदलेपर्यंतचा दिवस त्यात एका दमात धावत होता. मधेच कुणाचं तरी लग्नही उरकलं होतं.

"नियम तर पाठ आहेत ना?" मी विचारलं.

"व्हय, पाठ आहेत," आणि केसरबाईंनी ते सगळे घडाघडा म्हणून दाखवले.

मी वही मिटली. "अण्णा शिकवायचे तरी कसे?"

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. मोनिका हसायला लागली. "दीदी, दाखवू का?"

ती उभी राहिली. वही समोर धरली. अण्णांचा कायदा असा होता की आपलं पान आपणच मोठ्यानं वाचायचं आणि जिथं चिन्ह आहे तिथंच श्वास घ्यायचा. स्वल्पविरामाला निम्मा, पूर्णविरामाला पुरता. चिन्ह नसेल तिथं घेतला तर बाद. बाकीच्यांनी फक्त कान द्यायचा, आणि पूर्णविरामानंतरही गोष्ट अधांतरी वाटली तर मोठ्यानं "मग?" म्हणायचं.

"उठले," मोनिकानं वाचलं.

"मग?" दोघी ओरडल्या.

"डबा."

"डब्याचं काय? सांडला का?"

"अगं केला! डबा केला."

"मग लिही की तसं. आमाला सपान पडतंय व्हय?"

मग सोनियाचं पान. प्रत्येक शब्दावर निम्मा श्वास घेता घेता तिला चक्कर यायची वेळ आली. तिनं स्वतःच पेन घेऊन अर्धे स्वल्पविराम खोडले. मी काहीही सांगितलं नव्हतं. चौदा वर्षांत मी हजारो स्वल्पविराम उडवले असतील, पण त्यातला एकही लेखकाच्या छातीला जाणवला नसेल.

"आता मावशी," मोनिका म्हणाली. "दीदी, मोबाइलमध्ये टाइम लावा."

केसरबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला, श्वास घेतला आणि वाचायला लागल्या. दीड पान. कुठंही न अडखळता, आवाज खाली न पडू देता, लग्नासकट. शेवटच्या शब्दावर थांबून त्यांनी आमच्याकडं पाहिलं. त्यांना दमसुद्धा लागला नव्हता. वाचताना त्यांनी चोरून श्वास घेतला असेल तर तो मला तरी दिसला नाही.

"हे असं आहे," सोनिया म्हणाली. "मावशी जयंतीला गातात ना. त्यांची गाण्याची पार्टी आहे."

"गुरुजी डोक्याला हात लावायचे," केसरबाई जरा अभिमानानंच म्हणाल्या.

मी सोनियाला तेच पान वाचायला दिलं. तिचा श्वास तिसऱ्या ओळीत संपला. "बघा," मी म्हणाले, "वाचणाऱ्याला किती त्रास होतो."

"तिचाच दम कमी आहे," केसरबाई म्हणाल्या. "दिवसभर खुर्चीवर बसून भुवया कोरती. चार जिने चढत जा गं."

त्या संध्याकाळी मी अण्णांची रविवारची वही काढली. तोवर त्यांच्या कागदांपैकी फक्त बँकेचे आणि विम्याचे उघडले होते. या वहीत प्रत्येक रविवारची दोन-चार ओळींची टिपणं होती, आणि सप्टेंबरपासूनची बहुतेक केसरबाईंबद्दलची. मी ती जमिनीवर बसून वाचली.

केसरबाईंना आधी दोनदा गच्चीवर जाऊन यायला सांगितले, मग वाचायला लावले. परिणाम शून्य. हळू आवाजात वाचायला लावले. दम आणखी पुरला. उभ्याऐवजी मांडी घालून बसवले. काही फरक नाही. पोट भरलेले असताना वाचून पाहावे, म्हणून पोहे केले. पोहे चांगले झाले.

मला हसू आलं. एकट्या घरात ते बरंच मोठं वाटलं. सत्तरीच्या माणसानं एका बाईचा श्वास संपवण्यासाठी चार महिने असे प्रयोग केले होते आणि फोनवर मला त्यातलं एक अक्षर बोलले नव्हते. किंवा बोललेही असतील. मी फोनवर बोलताना बऱ्याचदा मुद्रितं तपासत असे.

शेवटची नोंद डिसेंबरच्या शेवटच्या रविवारची. केसरबाईंसाठी वेगळे काही शोधावे लागेल. अजून सापडलेले नाही.

पुढची पानं कोरी होती. मी तीही उलटून पाहिली.

पुढच्या रविवारी मी केसरबाईंना विचारलं, "एवढा दम आला कुठून?"

"मला काय म्हाईत? माझ्या मायचाबी असाच होता." मग जरा विचार करून म्हणाल्या, "शनिवारी दुपारी विहारात या. जयंतीची तयारी सुरू झालीय. तिथं बघा, काय दिसतंय का."

त्यांची पार्टी मी आधी ऐकली असणार. अण्णा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला तीच गायली होती. पण त्या दिवशी मी मंडपवाल्याशी खुर्च्यांच्या संख्येवरून बोलत होते आणि गाण्यातलं काहीही मला आठवत नव्हतं.

शनिवारी मी विहारात मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. समोर केसरबाई, त्यांच्या मागं कोरसला चार बायका, बाजूला ढोलकीवर कडुबा नावाचे रिक्षावाले. दवाखान्याच्या निळ्या साडीतच केसरबाई आल्या होत्या. गाणं सुरू झालं तसं मी त्यांच्या श्वासावर लक्ष ठेवलं. कामच ते होतं.

थोड्या वेळानं मला एक गोष्ट विचित्र वाटायला लागली. ही बाई दीड पान एका श्वासात वाचते. पण गाताना मात्र दर ओळीला, कधी अर्ध्या ओळीलाच, थांबत होती. श्वास संपला म्हणून नव्हे. थांबताना तिचा खांदासुद्धा हलत नव्हता. छातीत हवा शिल्लक असताना ती तोंड मिटून उभी राहत होती.

गाणं संपल्यावर मी पुढं गेले. "तुम्ही मधे मधे थांबत का होता?"

"कुठं थांबले?"

"दर ओळीला. श्वास तर होता तुमच्याकडं."

केसरबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी अण्णांची मुलगी आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. "आवो, माझ्यासाठी कशाला थांबू मी? कोरसला उचलायला जागा नको का? मीच रेटत गेले तर ह्या चौघींनी काय माझ्या तोंडाकडं बघत बसायचं?"

"आणि कडवं संपल्यावर? तिथं जास्त थांबलात."

"तिथं कडुबाभाऊला जागा. त्याला हात मोकळा करायला टाइम लागतो."

"म्हातारं झालंय म्हणा ना," कडुबा म्हणाले.

"ते मी मनात म्हणते, भाऊ."

मी विचारलं, "हे अण्णांना सांगितलं होतं?"

"त्यांनी कुठं इचारलं? यायचे ते. मागल्या साली तर दर शनवारी. तुम्ही बसलात ना, तिथंच बसायचे. डोळे मिटून ऐकायचे."

डोळे मिटून. म्हणूनच. ऐकून ते कळलं नसतं. थांबलेला खांदा पाहावा लागला असता. मी पर्समधून फोन काढला. अण्णांना सांगायचं होतं की सापडलं, आणि किती वेळ ते तुमच्या समोरच होतं. फोन उघडला. मग बंद करून परत ठेवला. कडुबा ढोलकीला कापडी खोळ घालत होते.

"केसरबाई," मी म्हणाले, "उद्याचं पान गाणं बांधल्यासारखं लिहून आणा. जिथं कोरसला जागा सोडाल तिथं स्वल्पविराम. जिथं कडुबाभाऊंना, तिथं पूर्णविराम."

"एवढंच?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्या चारच्या आधीच हजर झाल्या. पानभर चिन्हं होती. मी खूश होऊन वाचायला घेतलं. मी सकाळी पाचला उठते, पाचला उठते, चूल नाही गॅस पेटवते, गॅस पेटवते, पोराला हाका मारते, हाका मारते, तो काही उठत नाही.

सोनिया आणि मोनिका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. केसरबाई रागावल्या. "दात काढायला काय झालं? कोरसचं मग कुणी लिहायचं?"

त्यांचं म्हणणं चुकीचं आहे हे सिद्ध करायला मला अवघड गेलं. त्यांच्या कामाच्या रीतीनं ते अगदी बरोबर होतं. त्यांच्या वहीत सगळी गाणी अशीच लिहिलेली असतात, कोरसच्या ओळींसकट. नाहीतर चौघींना कळणार कसं?

"पेपर कोण वाचतं?" मी विचारलं.

"तपासणारा."

"मग कोरस तोच. तुम्ही जागा सोडली की तो मनातल्या मनात तुमचं वाक्य उचलतो. ते त्याचं काम. आपण त्याचं लिहायचं नाही, फक्त जागा सोडायची."

"म्हणजे कागदाच्या तिकडं माणूस बसलाय."

"बसलाय. शाळेतून दमून आलेला असेल. त्याच्यासमोर दोनअडीचशे पेपरांचा गठ्ठा आहे."

"अडीचशे?" केसरबाईंचा हात हनुवटीला गेला. "एकट्याला?"

"एकट्याला."

"आन् त्यात माझं ते दीड पान!" त्या खरंच हळहळल्या. "दोनदा दिलं की मी त्याला तसलं. बिचाऱ्याचा जीव गेला असेल."

त्यांनी पान उलटलं आणि तिथंच, सतरंजीवर वाकून, पुन्हा लिहायला घेतलं. मधेच थांबून छताकडं बघायच्या. एकदा त्यांनी डावा हात किंचित वर उचलला. विहारात कोरसला खूण करताना उचलतात तसा. मग स्वल्पविराम काढला. अर्ध्या तासानं त्यांनी मला पान दिलं. दोन ठिकाणी चिन्ह राहिलं होतं, एक वाक्य भलत्याच जागी तुटलं होतं. पण वाचणाऱ्या माणसाला त्यात बसायला जागा होती. मला लाल पेन उचलावंसं वाटलं नाही.

उरलेले रविवार कमी होते, म्हणून आम्ही बुधवारीही बसू लागलो. अर्ज, पत्र, बातमी, निबंध. शेवटच्या बुधवारी केसरबाईंनी मुख्याध्यापकांना लिहिलेलं विनंतिपत्र वाचून दाखवलं आणि दर स्वल्पविरामाला सोनिया, मोनिका आपसूकच शेवटचे शब्द पुटपुटू लागल्या. "गप गं," केसरबाई म्हणाल्या, "मनात म्हणायचं असतंय."

पेपरच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. तिघींचं केंद्र वेगवेगळं होतं आणि केसरबाईंबरोबर दुसरं कुणी नव्हतं. फाटकावरच्या शिपायानं त्यांना अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं, ताई."

"पालक ही माझी," केसरबाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या आणि हॉल तिकीट पुढं केलं. "परीक्षावाली पोरगी मी आहे."

मी तीन तास समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसले. पुण्याहून आलेली मुद्रितं बरोबर होती, पण पान पुढं सरकेना. घंटा झाली. आधी पोरं धावत बाहेर आली, मग बऱ्याच वेळानं केसरबाई. चेहरा उतरला होता.

"निबंध अर्धाच राहिला," त्या म्हणाल्या.

"वेळ पुरला नाही?"

"जागा सोडता सोडता टाइम गेला. त्याचा इचार करत बसले ना, त्या गठ्ठेवाल्याचा. पहिल्यांदा कसं, लिहिलं की लिहिलं. तासाभरात मोकळी व्हायची." त्या रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, "आता काय करता? तिसऱ्यांदा बी गेली तर कंत्राटदार आहेच."

मला वाटलं, अण्णा असते तर वेळ लावूनही सराव घेतला असता. त्यांनी चार महिन्यांत कदाचित तेही शोधलं असतं. माझं लक्ष फक्त एका गोष्टीवर होतं. मी केसरबाईंना तसं सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला आणि रिक्षावाल्याला हर्सूलला घ्यायला सांगितलं.

मार्चमध्ये मी पुण्याला परतले. घराची किल्ली मोनिकाकडं दिली. ती आणि सोनिया उरलेल्या पेपरांचा अभ्यास तिथं करणार होत्या.

निकाल मे महिन्यात लागला. दुपारी एकला साइट उघडते हे मला माहीत होतं, आणि केसरबाईंचा बैठक क्रमांकही माझ्याकडं होता. मी तो टाकला नाही. त्यांच्या आधी आपण पाहणं बरं दिसलं नसतं. सव्वा दोनला फोन आला.

"एक्केचाळीस," केसरबाई म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठले. "मराठीत?"

"मग कशात? एकच तर राहिला होता. सोनियानं दोनदा बघितलं. नावबी माझंच आहे. इथल्या मॅडमना लगेच सांगितलं, त्या म्हणल्या, कागद आणून द्या, तुमचं नाव यादीत घालते." मागं दवाखान्याच्या लिफ्टचा आवाज येत होता. "मोनिका बी सुटली. सोनियाचं गणित गेलं. रडत नाय मात्र. म्हणती, जुलैत देते."

"केसरबाई, फार बरं वाटलं."

"मला बी. पण ताई, एक इचारू?"

"विचारा."

"एक्केचाळीसच का? निबंधाचे अर्धे गेले, ते कबूल. पण पत्राचं मी लई नीट केलं होतं. माझ्या मनानं पन्नासला कमी नव्हते. ते नऊ गेले कुठं? त्यानं कुठं उचललं आन् कुठं नाय उचललं, ते बघायला मिळतं का?"

पास झालेल्या माणसानं उत्तरपत्रिका मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. तशी तरतूद आहे, मी म्हणाले, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि मुदत थोडी असते.

"तुम्ही सांगता का, मी लिहून घेते?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही लिहा. झाला की मला वाचून दाखवा."

"बरं. मग दहा मिनिटांनी करते." आणि फोन ठेवता ठेवता त्या कुणालातरी म्हणाल्या, "ए, एक कोरा कागद दे गं. रेघांचा नको."